डबा कुणाच्या हातून जातो? प्रॉक्सी आणि व्हीपीएन यांतला फरक

"सर, अर्ज उघडंना."

लातूरच्या ट्यूशन एरियात माझं छोटं सेंटर आहे. ऑनलाइन फॉर्म भरून देतो, संध्याकाळी कॉम्प्युटर शिकवतो. प्रवेशाच्या दिवसांत हे वाक्य रोज कितीदा तरी कानावर पडतं, त्यामुळे साइट बंद पडली असेल असंच मी आधी धरून चालतो. पण त्या दिवशी माझ्या कॉम्प्युटरवर तेच शिष्यवृत्तीचं पोर्टल व्यवस्थित चालू होतं आणि या मुलीच्या फोनवर नुसतं पांढरं पान. फोन हातात घेतला. वरच्या पट्टीत, बॅटरीच्या शेजारी, एक बारीकशी चावी दिसली.

"हे व्हीपीएन कशाला चालू ठेवलंयस?"

"होस्टेलच्या वाय-फायवर यूट्यूब बंद केलंय सर. फिजिक्सची लेक्चरं तर तिथंच हायत. मैत्रीण म्हणली हे टाक, सगळं उघडतंय, आन् कुणाला काही दिसत पण नाही."

मुलगी रेणापूर तालुक्यातली, नीटची तयारी करणारी. बसली होती लातुरात, पण त्या ॲपमुळे पोर्टलला ती नेदरलँड्समध्ये दिसत होती. बरीच सरकारी पोर्टलं परदेशातून आलेली जोडणी घेतच नाहीत. व्हीपीएन बंद केलं, पान उघडलं. काम दोन मिनिटांत झालं, पण तिचं ते "कुणाला काही दिसत नाही" माझ्या डोक्यातून जाईना. वर तिनं जाता जाता विचारलं, "मग त्याच्याऐवजी प्रॉक्सी लावू का? ते पण तसलंच असतंय ना?"

तसलंच नसतं. तिला पावतीच्या पाठीमागे चित्र काढून जे सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहितो. हा प्रश्न तिच्या एकटीचा नाही. ट्यूशन एरियातल्या प्रत्येक अभ्यासिकेत असली चावी असलेले पाच-सहा फोन तरी सापडतील.

आधी डबा समजून घेऊ

लातुरात शिकणाऱ्या पोरांना डबा म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. रेणापूर, औसा, चाकूरकडून सकाळच्या एसटीत आई-वडील डबा ठेवून देतात. पिशवीवर पोराचं नाव, होस्टेलचं नाव. ड्रायव्हर-कंडक्टर तो स्टँडवर उतरवतात, तिथून कुणीतरी घेऊन येतं. तुमच्या फोनमधून बाहेर पडणारी माहितीसुद्धा अशीच लहान लहान डब्यांमधून जाते. प्रत्येक डब्यावर दोन पत्ते असतात. एक, कुठं जायचं त्याचा. दुसरा, कुठून आला त्याचा, कारण उत्तर परत यायला हवं. या पत्त्यालाच आयपी ॲड्रेस म्हणतात.

आता हा डबा कुणाकुणाच्या हातून जातो ते बघा. आधी होस्टेलचा राउटर. मग होस्टेलला नेट देणारी कंपनी. मग मोठी मोठी नेटवर्कं. शेवटी ज्या साइटकडे निघालाय ती साइट.

पूर्वी हा डबा उघडा असायचा. वाटेतल्या कुणीही झाकण उचलून बघावं. २०१० साली फायरशीप नावाचं एक छोटं साधन एका अमेरिकन प्रोग्रामरनं मुद्दाम लोकांसमोर ठेवलं. एकाच वाय-फायवर बसलेल्या दुसऱ्या माणसाचं फेसबुक एका क्लिकमध्ये आपल्या लॅपटॉपवर उघडता येतं, हे त्यानं दाखवून दिलं. त्याला चोरी करायची नव्हती. मोठ्या कंपन्यांनी डब्याला कुलूप लावावं, एवढंच त्याचं म्हणणं होतं. पुढच्या काही वर्षांत ते कुलूप लागलं. पत्त्याच्या सुरुवातीला एचटीटीपीएस दिसतं, तेच हे कुलूप. त्याची किल्ली फक्त तुमच्या फोनकडे आणि त्या साइटकडे असते. आज बँक, मेल, शिष्यवृत्तीचं पोर्टल, बातम्या, जवळजवळ सगळं याच कुलपात जातं.

म्हणून "वाय-फायवाला पासवर्ड चोरतो" ही भीती आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. व्हीपीएनच्या जाहिराती ती भीती अजून जुन्याच मापानं विकतात. मला ते पटत नाही.

कुलूप असलं तरी पिशवीवरचं नाव मात्र वाचता येतं. कोणत्या साइटकडे डबा निघालाय, किती वाजता, केवढा जड, हे होस्टेलच्या राउटरला आणि नेट कंपनीला दिसतं. साइटचा पत्ता शोधण्यासाठी फोन आधी डीएनएस नावाच्या यंत्रणेला विचारतो. तो प्रश्नही बहुतेक वेळा स्टँडवर मोठ्यानं विचारल्यासारखा असतो, "अहो, अमुक साइट कुठं आली?" आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जातो.

नुसत्या नावानं काय होतंय, असं वाटेल. पण एखाद्याच्या महिनाभराच्या साइटची नावं कागदावर लिहून काढा. कर्ज देणारं ॲप, एका आजाराची माहिती देणारी साइट, नोकरीची साइट, लग्नाची साइट, रात्री दोन वाजता वकिलाची साइट. आत काय वाचलं ते कळायची गरजच उरत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं नऊ न्यायाधीशांच्या पीठानं एकमतानं सांगितलं. तो हक्क माझ्या मते इथं, या नावांच्या यादीपासून सुरू होतो.

तेव्हा बघणारे दोन प्रकारचे. एक वाटेतले: होस्टेल, नेट कंपनी. दुसरे मुक्कामावरचे: ती साइट, जिला तुमचा आयपी दिसतो. त्यावरून तिला तुमची नेट कंपनी आणि साधारण शहर कळतं. आपल्याकडे मोबाइल नेटवर एकच आयपी हजारो जणांत वाटलेला असतो, त्यामुळे लातुरात बसून तुम्ही मुंबईत दिसलात तरी नवल नाही. घरचा पत्ता त्यावरून साइटला कळत नाही. तो नेट कंपनीला माहीत असतो.

प्रॉक्सी आणि व्हीपीएन यांतलं कोण कुणापासून काय लपवतं, हे या दोन प्रकारच्या लोकांवरूनच कळतं.

प्रॉक्सी: दुसऱ्याच्या नावानं हजेरी

कॉलेजच्या पोरांना हा शब्द पाठ आहे. मित्र रूमवर झोपलेला, त्याचा नंबर पुकारला की मागच्या बाकावरून दुसराच "येस सर" म्हणतो. इंटरनेटवरची प्रॉक्सी तेच करते. तुम्ही साइटकडे थेट जात नाही, मधल्या एका कॉम्प्युटरला सांगता, "ते पान मला आणून दे." तो स्वतःच्या पत्त्यानं जातो, पान आणतो, तुमच्या हातात देतो. साइटच्या वहीत हजेरी त्याची लागते.

मी नांदेडला इंजिनिअरिंगला होतो तेव्हा लॅबमधल्या प्रत्येक ब्राउझरच्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीचा पत्ता आणि पुढे ३१२८ हा पोर्ट नंबर भरलेला असायचा. तो स्क्विड नावाच्या प्रॉक्सी सॉफ्टवेअरचा ठरलेला नंबर. नेट तेव्हा महाग आणि संथ. साठ पोरांनी एकच पान मागितलं तर स्क्विड ते एकदा आणायचं, जवळ ठेवायचं आणि बाकीच्या एकोणसाठ जणांना आपल्याकडचंच द्यायचं. शिवाय कोणत्या मशीनवरून किती वाजता कोणती साइट उघडली, याची ओळनओळ नोंद लॅबवाल्या सरांकडे असायची. म्हणजे प्रॉक्सी आमच्याकडे आली ती पैसे वाचवायला आणि लक्ष ठेवायला. खासगीपणाशी तिचा संबंध लोकांनी नंतर जोडला.

तो जोडणाऱ्यांत आम्हीही होतो. लॅबमध्ये ऑर्कुट, म्हणजे तेव्हाचं फेसबुक, बंद होतं. मग कुणीतरी एक साइट शोधून काढली. तिच्यावर एक चौकट, त्यात ऑर्कुटचा पत्ता टाकायचा की पान उघडायचं. आम्ही सगळ्यांनी तिथं आपापले पासवर्ड टाकले. मला फार उशिरा समजलं की अशा चौकटवाल्या प्रॉक्सीत पान तीच साइट उघडते आणि मग आपल्याला दाखवते. म्हणजे कुलूप तिच्या घरी उघडतं. डब्यातली भाजी काय, चटणी काय, सगळं तिच्यासमोर. ती साइट कुणाची होती हे आमच्यातल्या एकालाही माहीत नव्हतं. आजही असल्या साइट आहेत, आणि आजही पोरं तिथं पासवर्ड टाकतात. या लेखातली एकच गोष्ट लक्षात राहणार असेल, तर ती ही राहू द्या: चौकटीत पत्ता टाकायच्या प्रॉक्सीवर कधीही लॉगिन करू नका.

सेटिंगमध्ये भरायची प्रॉक्सी याहून जरा बरी. एचटीटीपीएसची साइट असेल तर ती फक्त "अमुक साइटकडे रस्ता उघडून दे" एवढंच ऐकते आणि कुलूपबंद डबा जसाच्या तसा पुढे सरकवते. साइटचं नाव तिला कळतं, आतलं कळत नाही. सॉक्स फाइव्ह नावाचा आणखी एक प्रकार आहे, १९९६ साली ठरलेला. तो ब्राउझरच्या पानांशिवाय इतर प्रकारची वाहतूकही नेतो, पण स्वतःचं कुलूप तोही लावत नाही.

आणि मुख्य अडचण तीच आहे. तुमच्यापासून प्रॉक्सीपर्यंतचा रस्ता बहुतेक वेळा उघडाच असतो. होस्टेलचा राउटर आणि नेट कंपनी यांना पूर्वी पिशवीवरचं जे नाव दिसत होतं, ते तसंच दिसत राहतं. फरक पडतो तो फक्त मुक्कामावरच्या साइटला. तोही नक्की पडेल असं नाही, कारण काही प्रॉक्सी पान मागताना सोबत चिठ्ठी जोडतात की हे खरं मागणारा अमुक आयपीवाला आहे. हजेरी लावणाऱ्या मित्रानं खाली खरं नावही लिहून ठेवावं, तसं.

शिवाय प्रॉक्सी ज्या ॲपमध्ये लावली त्याच ॲपपुरती असते. ब्राउझरला लावली तर तुमचं मेलचं ॲप, खेळ, बाकी सगळं नेहमीच्याच रस्त्यानं जातं.

मग तिचा उपयोग काय? रस्ता बदलायचा असेल तिथं ती चांगली. व्हॉट्सॲपनं जानेवारी २०२३ मध्ये आपल्या सेटिंगमध्ये प्रॉक्सीची सोय दिली. एखाद्या ठिकाणी व्हॉट्सॲप तेवढं अडवलेलं असेल, तर प्रॉक्सीवरून वळसा घेऊन मेसेज जातो. मेसेजला व्हॉट्सॲपचं स्वतःचं कुलूप असतंच, म्हणून प्रॉक्सी चालवणाऱ्याला तो वाचता येत नाही. हे योग्य जागी योग्य हत्यार झालं.

इथं आपल्या भागातली एक आठवण सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी जालना, बीड आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद होतं. बीडच्या एका विद्यार्थ्यानं साधा फोन करून मला विचारलं, "सर, व्हीपीएन टाकलं तर चालंल का?" नाही चालत. प्रॉक्सी असो की व्हीपीएन, दोन्हींना जायला रस्ता लागतो. एक दुकान बंद असेल तर वळसा घालून दुसरीकडून जाता येतं. एसटीच बंद असेल तर डबा घरीच राहतो.

व्हीपीएन: डब्याभोवती पेटी

आता समजा रेणापूरच्या बापानं डबा तसाच एसटीत न ठेवता एका लोखंडी पेटीत घातला, पेटीला आपलं कुलूप ठोकलं आणि पेटीवर फक्त लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका ओळखीच्या दुकानाचं नाव लिहिलं. कंडक्टरला दिसते ती पेटी आणि दुकानाचं नाव. आत किती डबे, कुणाकडे जायचे, काही कळत नाही. दुकानदाराकडे दुसरी किल्ली. तो पेटी उघडतो, डबे काढतो आणि आपल्या दुकानाच्या नावानं पुढे पाठवतो. उत्तरं त्याच्याकडे येतात, तो ती पेटीत घालून परत धाडतो.

हे व्हीपीएन. गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. एखाद्या रस्त्यानं बाहेर पडणारा माणूस कोणत्या रस्त्यानं आत आला होता, हे बाहेर उभं राहून सांगता येत नाही. व्हीपीएनच्या सर्व्हरवरही एकाच वेळी शेकडो लोक असतात आणि सगळे एकाच पत्त्यानं बाहेर पडतात.

प्रॉक्सीशी तुलना करा. मुक्कामावरच्या साइटला दोन्हींमध्ये दुसराच पत्ता दिसतो, एवढं सारखं. पण व्हीपीएनमध्ये वाटेतले लोकही आंधळे होतात. होस्टेलच्या राउटरला एवढंच कळतं की हा फोन एका सर्व्हरशी बोलतोय, इतका वेळ, इतका डेटा. व्हीपीएन वापरलं जातंय हेही कळू शकतं, फक्त आतलं कळत नाही. साइटचा पत्ता विचारणारा तो मोठ्या आवाजातला प्रश्नही, ॲप नीट बनवलेलं असेल तर, पेटीच्या आतूनच जातो. शिवाय हे एका ॲपपुरतं नसतं. व्हीपीएन फोनमध्ये एक नकली नेटवर्क कार्ड तयार करतं आणि फोनमधून निघणारं जवळजवळ सगळं त्यातून ओढतं. वरच्या पट्टीतली चावी त्याचीच खूण.

ही कल्पना ऑफिसांची. बाहेरगावच्या कर्मचाऱ्याला घरून ऑफिसच्या आतल्या नेटवर्कमध्ये सुरक्षित शिरता यावं म्हणून १९९६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि सोबतच्या कंपन्यांनी पीपीटीपी नावाची पद्धत आणली. तिचं कुलूप आता मोडलेलं आहे, ती वापरू नये. पुढे २००१ मध्ये ओपनव्हीपीएन आलं. आणि २०२० च्या मार्चमध्ये वायरगार्ड ही बरीच आटोपशीर, वेगवान पद्धत लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातच सामील झाली. योगायोग असा की त्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. पुण्याच्या कंपन्यांतली आपली पोरं गावाकडे आली, रेंज मिळेल तिथं, गच्चीवर, शेतातल्या लिंबाखाली लॅपटॉप उघडून बसली. आधी व्हीपीएन जोडायचं, मग काम. उदगीर-देगलूरकडच्या कितीतरी आई-बापांनी हा शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. ते व्हीपीएन म्हणजे ऑफिसच्या दारापर्यंतचा बंद बोगदा. त्याचा दुकानदार ऑफिस स्वतः, म्हणून त्या व्हीपीएनवर घरगुती भानगडी करू नयेत. कंपनीला दिसतं.

दोन गोष्टी जाहिरातीत कुणी सांगत नाही.

पहिली, पेटी गंजगोलाईपर्यंतच असते. तिथून पुढचा प्रवास नेहमीसारखा. एचटीटीपीएसचं कुलूप नसलेली साइट असेल तर दुकानापासून पुढे डबा उघडाच जातो. तेव्हा व्हीपीएन आहे म्हणून कुलूप नसलेल्या साइटवर बेधडक माहिती भरायची, हे चुकीचं.

दुसरी, तुम्ही स्वतःच नाव सांगितल्यावर पेटीचा काही उपयोग नाही. गुगलला लॉगिन असाल तर गुगलला तुम्ही कोण ते माहीतच आहे, तुम्ही नेदरलँड्समधून या की निलंग्यातून. साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेल्या खुणा म्हणजे कुकीज, लोकेशनची दिलेली परवानगी, मोबाइल नंबर, फोनचं मॉडेल, स्क्रीनचं माप, बसवलेले फॉन्ट, यांतून साइट तुम्हाला पुन्हा ओळखू शकते. आणि ज्या फसवणुकी माझ्या सेंटरवर रडत रडत येतात, त्या जवळजवळ सगळ्या वेगळ्याच असतात. लग्नपत्रिका म्हणून आलेली एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल), फोनवर सांगितलेला ओटीपी, "लाइट कापतो" म्हणणारा मेसेज. यांच्यासमोर व्हीपीएन काहीच करू शकत नाही. फोनला चावी दिसतेय म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि ओटीपी देऊन बसतो, हे मी बघितलेलं आहे. म्हणून मला त्या "कुणाला काही दिसत नाही" या वाक्याची काळजी वाटते.

दुकानदार कोण आहे?

खरा प्रश्न इथून सुरू होतो. व्हीपीएन लावल्यावर बघणारा नाहीसा होत नाही, बदलतो. होस्टेल आणि नेट कंपनी यांना जे दिसत होतं ते सगळं आता एकट्या दुकानदाराला दिसतं. तेही तुमच्या पूर्ण फोनचं, तुम्ही जाल त्या वाय-फायवर, चोवीस तास. प्रॉक्सीवाल्याला एका ॲपपुरतंच दिसायचं. म्हणजे व्हीपीएन जास्त झाकतं, आणि म्हणूनच ते कुणाचं आहे याला जास्त किंमत आहे.

आता फुकट दुकानदाराचा विचार करा. सर्व्हरचं भाडं लागतं, डेटाचे पैसे लागतात, आणि हा माणूस कोट्यवधी लोकांच्या पेट्या फुकट उघडून डबे पोचवतोय. कशावर चालतं हे?

२०१६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेच्या आणि विद्यापीठांच्या संशोधकांनी अँड्रॉइडची २८३ व्हीपीएन ॲप तपासली. १८ टक्के ॲप वाहतुकीला कुलूपच लावत नव्हती. म्हणजे पेटीचं फक्त चित्र. ३८ टक्के ॲपमध्ये घातक सॉफ्टवेअरच्या खुणा आढळल्या.

फेसबुकनं २०१३ मध्ये ओनावो नावाची कंपनी विकत घेतली. तिचं व्हीपीएन ॲप "तुमचं रक्षण करतो" म्हणून लोकांना दिलं जायचं, आणि लोक कोणती दुसरी ॲप किती वापरतात ही माहिती त्यातून फेसबुककडे जायची. ॲपलच्या हरकतीनंतर ऑगस्ट २०१८ मध्ये ते ॲप स्टोअरमधून निघालं. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या न्यायालयानं याच प्रकरणात मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या, दोन कंपन्यांना दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला.

याहून जास्त घाबरवणारा प्रकार म्हणजे जिथं व्हीपीएन आणि प्रॉक्सी एकाच माणसाच्या घरात येऊन भेटतात. होला नावाचं फुकट व्हीपीएन २०१५ मध्ये यावरून चर्चेत आलं. ते वापरणाऱ्यांची जोडणी दुसऱ्या नावाखाली ग्राहकांना विकली जात होती. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्यानं नाइन वन वन एस फाइव्ह नावाचं जाळं मोडलं. मास्कव्हीपीएन, ड्यूव्हीपीएन अशी फुकट ॲप लोकांनी आपल्या विंडोज कॉम्प्युटरवर टाकली होती. त्यांच्या पोटातून हे कॉम्प्युटर गुन्हेगारांना प्रॉक्सी म्हणून भाड्यानं दिले जात होते. जवळजवळ २०० देशांतले १ कोटी ९० लाखांहून जास्त आयपी पत्ते त्या जाळ्यात होते. नीट समजून घ्या. तुम्ही लपण्यासाठी ॲप टाकलं, आणि दुसराच कुणीतरी तुमच्या पत्त्यामागे लपला. त्यानं कुणाला फसवलं तर साइटच्या वहीत हजेरी तुमच्या घराची.

पैसे देऊन घेतलेलं व्हीपीएन यापेक्षा बरं, पण "आम्ही नोंदी ठेवत नाही" हे त्यांचं वाक्य फक्त एक शब्द आहे. बाहेरच्या कुणाकडून तपासणी करून घेतली आहे का, ॲपचा कोड उघडा आहे का, मालक कोण, एवढं तरी बघावं. आपल्याकडे सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेनं २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढला की व्हीपीएन देणाऱ्यांनी ग्राहकाचं नाव, पत्ता, फोन, मेल आणि त्याला दिलेले आयपी किमान पाच वर्षं जपून ठेवावेत. ऑफिसांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून वगळलं आहे. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले आपले सर्व्हर काढून घेतले. त्यामुळे ॲपमध्ये "इंडिया" निवडलं तरी तो कॉम्प्युटर सिंगापूरला ठेवलेला असू शकतो. तपासाला नोंदी लागतात हे सरकारचं म्हणणं मला समजतं. पण नोंद एकदा जमली की ती फुटायची जागाही तयार होते, हेही तितकंच खरं आहे. व्हीपीएन वापरणं मात्र आपल्याकडे सर्वसाधारणपणे बेकायदेशीर नाही. त्याच्या आडून केलेला गुन्हा गुन्हाच राहतो.

एकाच दुकानदारावर सगळा भरवसा टाकायचा नसेल, तर टॉर नावाची पद्धत आहे. तिथं पेटीत पेटी, तिच्यात पेटी, आणि तीन वेगवेगळे स्वयंसेवक एकेक कुलूप उघडतात. पहिल्याला तुम्ही कळता, शेवटच्याला साइट कळते, दोन्ही एकाला कळत नाही. संथ आहे. रोजच्या वापराला लागत नाही, पण पत्रकाराला किंवा जिवाला धोका असलेल्या माणसाला लागू शकते.

मग मी काय करतो? बँक, शिष्यवृत्ती, प्रवेश, यासाठी काहीच लावत नाही. स्वतःच्या मोबाइल डेटावर, साइटचा पत्ता नीट वाचून काम करतो. प्रवासात लॉजच्या किंवा स्टेशनच्या वाय-फायवर बराच वेळ बसायचं असेल तर पैसे भरून घेतलेलं व्हीपीएन लावतो, आणि अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये "व्हीपीएन नसेल तर जोडणी अडवा" हा पर्याय चालू ठेवतो. नाहीतर मध्येच व्हीपीएन तुटलं की फोन गुपचूप उघड्या रस्त्यानं जायला लागतो. ब्राउझरमध्ये टाकायची "व्हीपीएन एक्स्टेन्शन" ही नावानं व्हीपीएन, कामानं ब्राउझरपुरती प्रॉक्सीच असते. बरीचशी तुमच्यापासून सर्व्हरपर्यंत कुलूप लावतात, पण बाकीचा फोन किंवा कॉम्प्युटर त्यांच्या बाहेरच राहतो. इन्कॉग्निटो विंडोनं यातलं काहीच होत नाही. ती फक्त तुमच्या फोनवरची नोंद पुसते.

त्या मुलीनं हे सगळं ऐकलं आणि बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग सर, त्या ॲपनं आतापर्यंत माझं काय काय बघितलं असंल?"

जे खरं ते सांगितलं. चार महिने कोणत्या साइट, कोणती ॲप, किती वाजता, हे त्याला कळत होतं असं धरून चल. बँकेचा पासवर्ड, मेसेज, हे कुलपात होते, ते बहुधा सुरक्षित आहेत. ॲपच्या परवानग्या उघडून बघितल्या तर त्यानं फोनबुकचीही परवानगी घेतलेली होती. रस्ता वळवणाऱ्या ॲपला फोनबुक लागतच नाही. नंबर गेले असतील तर ते परत आणता येत नाहीत. ॲप काढलं, सेटिंगमधल्या व्हीपीएनच्या यादीत त्याचं काही उरलंय का ते बघितलं, गुगलच्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावलं. चावी गेली.

राहिला प्रश्न फिजिक्सच्या लेक्चरांचा. चार मुली मिळून होस्टेलच्या काकूंशी बोलल्या. पुढच्या रविवारी मी तिकडे गेलो आणि संध्याकाळी सहा ते नऊ यूट्यूब उघडं राहील असं राउटरमध्ये वेळापत्रक लावून दिलं. ते करताना नोंदींचं पान उघडलं गेलं. कोणत्या फोननं किती वाजता कोणत्या साइटचं नाव विचारलं, खालपर्यंत लांबच लांब यादी. काकूंनी चष्मा लावून वाचलं. दोन-तीन ओळींनंतर त्यांनी मान वळवली.

"हे एवढं सगळं दिसतंय व्हय? पोरींचं? बंद कर बाबा ते."

नोंदींचा पर्याय बंद केला आणि आधीची यादी पुसली.